उपाशी बाळाचं दूध

आमच्या घरी म्हैस होती, पण घरात दूध नसायचं. शहरातल्या माणसाला हे कोडं वाटेल, गावाकडच्याला समजावून सांगायची गरज नाही. म्हैस पाळायची ती डेअरीला दूध घालायला. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खणांचं घर. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचे, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. धार काढली की किटली थेट डेअरीला. आम्ही भावंडं गुळाचा कोरा चहा प्यायचो. आजारी माणसाला तेवढं अर्धा कप दूध मिळायचं, म्हणून आम्ही आळीपाळीनं खोकायचो. आईला ते कळायचं. ती म्हणायची, "काल धाकट्यानं खोकून घेतलंय, आज तुझी पाळी व्हय?"

सगळ्यात लहान भाऊ अंगावर पीत होता तेव्हा आई रानात आणि तो माझ्या कडेवर. दुपारी त्याला बांधापर्यंत न्यायचं, आईनं पाजायचं, आणि परत आणायचं, हे माझं काम. कधी उशीर झाला तर आईचं पोलकं पुढून भिजलेलं असायचं आणि चेहरा दुखण्यानं ओढलेला. "आलीस व्हय गं बया! फुटायची येळ आली," म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, भूक फक्त बाळालाच लागते. दूधही बाळाची वाट बघतं, आणि फार वाट बघायला लावली की रुसून निघून जातं, हे मी पुढं नोकरीत शिकले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नर्सिंगची पदवी घेतली, आणि ती घेतली हे सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही. पदवी आणून आईच्या हातात दिली तेव्हा तिनं ती उलटीसुलटी करून बघितली.

"नर्स म्हंजे सुई टोचणारीच न्हवं?"

"व्हय."

"मग एवढी वर्सं काय शिकत हुतीस?"

तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही. आता निवृत्त झाल्यावर, या अंकात लिहायच्या निमित्तानं देते. मी माझी नोकरी उपाशी बाळांना जेवू घालण्यात घालवली. आणि त्या कामातला निम्मा भाग होता बाळाला उपाशी ठेवणं.

हे नीट सांगायला हवं. नवजात बाळांच्या ऑपरेशनच्या विभागात मी नर्स होते. काही बाळं जन्माला येतात तेव्हा त्यांच्या पोटाची भिंत पुरती मिटलेली नसते. बेंबीच्या शेजारी भोक राहतं आणि आतडी बाहेर आलेली असतात, उघडीच. काहींची बेंबीच्या जागी पातळ पडद्याच्या पिशवीत असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला भोवळ येते. मलाही आली होती. भिंतीला टेकले, तर आमच्या सीनियर सिस्टर म्हणाल्या, "पडायचं असेल तर बाहेर जाऊन पड. इथं जागा नाही." मी पडले नाही.

सर्जन ती आतडी आत घालतात. पण पोट एवढंसं आणि आतडी सुजलेली. एका वेळी मावली नाहीत तर ती निर्जंतुक पिशवीत घालून पिशवी बाळाच्या वर उभी टांगतात, आणि रोज थोडी थोडी आत उतरवत नेतात. घाई केली तर बाळाचा श्वास कोंडतो. सगळी आत गेली की पोट शिवतात.

नातेवाइकांना वाटतं, टाके पडले, संपलं. आमचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. आईच्या पोटातल्या पाण्यात भिजून ती आतडी जाड आणि ताठर झालेली असतात. आत गेली तरी कामाला लागत नाहीत. कधी लागतील हे कुणी सांगू शकत नाही. तोवर बाळाला तोंडानं काही द्यायचं नाही. पोषण शिरेतून. तोंडातून पोटात एक बारीक नळी घातलेली असते, तिच्यातून पोटातलं साचलेलं बाहेर येत राहतं. सुरुवातीला ते शेवाळासारखं गडद हिरवं असतं. मग उसाच्या रसासारखं पोपटी होतं. मग पिवळसर, आणि शेवटी भाताच्या निवळीसारखं. आमची नोकरी म्हणजे हे रंग बघणं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे शी. एवढ्या शिकलेल्या माणसांनी एका लंगोटाभोवती गोळा होऊन आनंद मानावा, हे बाहेरच्याला हसण्यासारखं वाटेल. पण एका आजोबांनी खरंच पेढे वाटले होते. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, "काय झालं? मुलगा का मुलगी?" आजोबा म्हणाले, "नातवाला शी झाली!" विचारणाऱ्यानं हातातला पेढा खाल्ला की नाही, कोण जाणे.

शी झाली, नळीतलं निवळलं, की दूध सुरू करायचं. किती? एक मिली. सिरिंजच्या तळाला दिसेल न दिसेल एवढं. तेही नळीतून, आणि मग पुन्हा वाट बघायची. ते मानवलं तर हळूहळू वाढवायचं. हिरवं दिसलं, पोट फुगलं, की थांबायचं.

एवढंसं दूध बघून लोक भांडायला यायचे. शहरात म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून देतात, तसला धंदा करणारे एक पाहुणे होते. त्यांचा नातू आमच्याकडं. एक दिवस ते फेसाळलेलं दूध चरवीत घेऊन दारात उभे.

"सिस्टर, धारोष्ण हाय. आत्ता काढलंय."

"काका, बाळाला एक मिली चाललंय."

"म्हंजे किती?"

मी सिरिंज दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. "आवो, मुंगीला तरी पुरंल का ह्ये? आमच्या रेडकाच्या मिशीला याच्यापेक्षा जास्त लागलेलं असतंय!"

मी म्हटलं, "रेडकाचं पोट शिवलेलं नसतंय, काका."

त्यांनी सिरिंज परत दिली. जाताना चरवी टेबलावर ठेवत म्हणाले, "मग तुमी तरी घ्या. लई वाळलासा." आम्ही सगळ्या स्टाफनं त्या दिवशी दुधाचा चहा केला.

जोतिबाच्या डोंगरावरची एक मंडळी होती. त्यांना बाळाच्या कपाळाला गुलाल लावायचा होता. टाके असलेल्या बाळाजवळ पूड नेणं शक्य नव्हतं. आजी हट्टाला पेटली. शेवटी मी तो गुलाल तिच्या बोटानं काचेच्या पेटीला बाहेरून लावू दिला, बरोबर कपाळासमोर. "चांगभलं," म्हणाली आणि शांत बसली. मी बौद्ध. पण बाळ घरी जाईपर्यंत पेटी पुसताना तेवढा कोपरा सोडून पुसायची.

सगळीच बाळं घरी गेली नाहीत. ती मी इथं मोजत बसणार नाही.

एका गोष्टीची हळहळ मात्र वाटते. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात दूध साठवायची सोय नव्हती. बाळ पीत नसलं तरी दूध चालू राहावं म्हणून आयांनी ते हातानं काढायचं आणि टाकून द्यायचं. पण कुठलीही आई ते बेसिनमध्ये ओतत नसे. लेकराच्या तोंडचं दूध मोरीत जाऊ नये, पायाखाली येऊ नये, असं आमच्याकडं मानतात. बायका पदराखाली वाटी झाकून आवारातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी जायच्या आणि तिथं ओतायच्या. ते झाड जेवढं प्यालं तेवढं त्या बाळांना मिळालं असतं तर! पुढं फ्रिज आला, डब्या आल्या, आयांना बसायला खोली मिळाली. तरीही दूध नुसत्या सोयीनं टिकत नाही. ते मला शैलानं शिकवलं.

शैला गडहिंग्लजच्या पलीकडची. त्या गावात घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं. तिचं पहिलंच बाळंतपण, तेही पोट फाडून. मुलगी झाली आणि आतडी बाहेर. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला नीट झाकून, सलाईन लावून आमच्याकडं धाडलं. बरोबर आला तो बाप, बसू. टेंपो चालवणारा, मिशी धड न फुटलेला पोरगा. शैला टाक्यांमुळं तिकडंच राहिली, आणि सुट्टी झाल्यावर सासूबरोबर घरी गेली.

ऑपरेशन झालं. पिशवी लागली, उतरली, पोट शिवलं. आमचे सर्जन सर राउंडला आले की माझ्याकडं बघून एकच विचारायचे, "आईचं दूध?" या आतड्यांना पावडरचं दूध पेलेलच याचा भरवसा नव्हता, आणि दुसऱ्या आयांचं दूध मिळायची सोय तेव्हा आमच्याकडं झालेली नव्हती. आतडी जागी होतील त्या दिवशी शैलाच्या छातीत दूध असायला हवं होतं.

मी बसूला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. "घरी फोन करा. शैलाला म्हणावं, दूध दर दोन-तीन तासांनी काढत राहा. आटू द्यायचं नाही. आणि झेपेल तशी लवकर इकडं या."

"व्हय सिस्टर. सांगतो की."

रोज विचारायची, "सांगितलंत?" रोज तो म्हणायचा, "व्हय, व्हय." आणि चपलेकडं बघायचा.

मग एक दिवस सकाळी शैला आली. बरोबर सासू, गौरव्वा. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात डब्यांची पिशवी. दोघींनी हात धुतले, गाऊन घातले, आत आल्या. आणि त्यांच्याबरोबर मोगऱ्याचा वास आला. आमच्या विभागात फुलाला बंदी. औषधाच्या वासाला सरावलेल्या नाकाला तो वास एकदम लागतो.

"गजरा काढून ठेवा बाहेर," मी म्हटलं.

शैलानं मान वर केली नाही. गौरव्वा म्हणाली, "गजरा न्हाय अक्का. बाळंतीण कुठला गजरा घालतीय?"

मी तिच्या वेणीकडं बघितलं. फूल नव्हतं. पण ती जवळून गेली की वास येत होता. आणि चालताना तिनं दोन्ही हात छातीवर धरले होते. मी तिला आयांच्या खोलीत नेलं, पडदा ओढला, आणि म्हटलं, "दाखव बघू."

पोलक्याच्या आत, धोतराच्या फडक्यानं आवळून, दोन्ही बाजूंना मोगऱ्याच्या कळ्यांचे दाट गजरे बांधलेले होते. घामानं पिवळे पडलेले. फडकं कोरडं. दुधाचा एक डाग नाही.

मला काय चाललंय ते कळायला वेळ लागला नाही. सीमेकडच्या बायकांकडून ऐकलं होतं. ज्या बाईचं बाळ जातं, तिचं दूध आटवायला ही फुलं बांधतात.

बसूला मी बाहेर गाठलं. "तुम्ही घरी काय सांगितलं होतं?"

तो रडवेला झाला. "सिस्टर, फोन आईकडं असतोय. आईला असलं कसं सांगू? छातीचं, दुधाचं... मी म्हणलो, लेकराला तोंडानं काय द्यायचं न्हाय म्हणत्यात."

"एवढंच?"

"एवढंच."

चिडायला हवं होतं. पण त्याचं तोंड बघून चिडता आलं नाही. आमच्या गल्लीतलेही पोरगे असेच. चार माणसांत मारामारी करतील, पण आईसमोर ‘दूध’ म्हणायला जीभ रेटत नाही.

गौरव्वा मात्र ठाम होती. बाकावर बसून तिनं मलाच विचारलं, "अक्का, तुमीच सांगा. ज्या लेकराला तोंडानं काय द्यायचंच न्हाय, ते लेकरू ऱ्हातंय व्हय?"

या प्रश्नात काही चूक नव्हती. तिच्या आयुष्यात असं लेकरू कधी राहिलंच नव्हतं.

"पोरीची छाती दगडावानी झालती," ती सांगू लागली. "ताप भरला. रातभर इव्हळायची. मी म्हणलं, पिणारं कूस न्हाय, तर हालु कशाला? पोरीला तरी वाचवावं. माझ्या येळंला माझ्या सासूनं बांधलती. दोनदा." तिनं दोन बोटं वर केली, आणि खाली घेतली. कूस म्हणजे बाळ आणि हालु म्हणजे दूध, एवढं कानडी मला येत होतं. बाकीचं न सांगता कळलं.

मी तिला काचेपाशी नेलं. सांगितलं, तोंडानं द्यायचं नाही ते आज. कायमचं नाही. हे हिरवं येतंय ते निवळेल. मग दूध लागेल, आणि ते हिच्याच आईचं लागेल. गौरव्वा पेटीतल्या नातीकडं बघत राहिली. नातीनं त्याच वेळी मोठी जांभई दिली.

"अय्यो शिवा," गौरव्वा म्हणाली, "ही तर दमलीया. मरणारं लेकरू जांभया देतंय व्हय?"

ती वळली आणि तडक पडद्याआड गेली. शैला फडक्याच्या गाठीला हात लावू देत नव्हती. "नगं आत्या. मी तिला गेली म्हणून समजले हुते. रडून झालं माझं. आता कुठल्या तोंडानं तिच्याकडं बगू?"

"तू न्हाय बांधलीस, मी बांधली," गौरव्वा म्हणाली. "मी बांधली, मीच सोडते. सर बाजूला."

तिनं गाठ दातानं सोडली.

आता आटत आलेलं दूध परत आणायचं होतं. ते आणायला एकच खरा उपाय असतो. बाळानं ओढणं. मशीन, हात, गरम फडकं हे सगळं त्याच्या खालोखाल. पण बाळाला तर दूध द्यायचं नव्हतं! मी सरांकडं गेले. सगळं सांगितलं. सर थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले आणि मग हसले.

"सिस्टर, ज्या आईला भरपूर दूध आहे तिला मी आत्ता बाळ छातीला लावू देणार नाही. आधी छाती रिकामी करा म्हणेन. हिची तर रिकामीच आहे."

"म्हणजे लावू?"

"लावा. पोटातली नळी उघडी ठेवा. दोन थेंब गेलेच तर त्या वाटेनं बाहेर येतील. बाळ ओढायला शिकेल, आईचं दूध परत येईल. टाक्यांवर भार येऊ देऊ नका."

म्हणजे ज्या फुलांनी नुकसान केलं, त्यांच्यामुळंच त्या बाळाला इतक्या लवकर आईची छाती मिळाली. नोकरीत असं उलटं गणित मी फार थोड्या वेळा बघितलं.

शैलाला खुर्चीत बसवलं. सलाईनची नळी, पोटातली नळी, मॉनिटरच्या वायरी सांभाळत आम्ही दोघी सिस्टरांनी बाळ कुशीवर तिच्या उघड्या छातीशी दिलं. शैला डोळे मिटून बसलेली. बाळानं नाक घासलं, तोंड इकडं तिकडं फिरवलं, एकदा चुकलं, आणि मग पकडलं. शैलानं "आई गं!" केलं आणि डोळे उघडले. खाली बघितलं. मग तिनं वर बघितलंच नाही.

"येतंय का काय?" गौरव्वा दारातून.

"आत्या, ओढतीया!"

"ओढू दे. तुझ्या सासूवर गेलीया. सोडायची न्हाय."

त्या दिवसापासून गौरव्वानं वॉर्डाचा ताबा घेतला. अळिवाची खीर, शेवग्याची भाजी, लसूण घातलेली भाकरीची कुटकी. शैला दूध काढायला बसली की ही दाराशी पहारा देणार, आणि दर वेळी वाटीत डोकावणार. सुरुवातीला वाटीचा तळ नुसता ओला व्हायचा. शैलाचा चेहरा पडायचा. गौरव्वा म्हणायची, "हिरीला पाणी लागतंय ते आदी पाझरच असतंय की." मोकळ्या वेळी ती माझी चौकशी करायची. गाव कुठलं, घरी कोण कोण. एकदा हळूच विचारलं, "अक्का, तुमी कोणाच्यातल्या?"

मी म्हटलं, "मी या काचेच्या पेट्यांच्यातली."

ती खो-खो हसली. परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळ्या डब्यात खीर आणली आणि संपेपर्यंत समोर बसून राहिली.

मग एकदा नळीतला हिरवा रंग फिका झाला. नंतर पोपटी, पिवळा. आणि एका सकाळी लंगोटात शी. बसू बाहेर नाचला. सर म्हणाले, "सुरू करू. आहे का?"

मी आयांच्या खोलीत गेले. शैलाच्या वाटीत तळाशी, एका बाजूला वाटी कलली तर जमेल एवढं दूध होतं. मी ते सिरिंजमध्ये ओढलं. एक मिलीची रेघ ओलांडून थोडं वर गेलं.

आयुष्यभर मी लोकांना ‘एवढंसंच का?’ याचं उत्तर देत आले होते. एवढंसंच लागतं याचा आनंद मला त्या सकाळी झाला. सिरिंज उभी धरून शैलाला दाखवली. "बघ. पुरलं. उरलंसुद्धा."

ते दूध नळीतून आपल्या वजनानं उतरत गेलं. सासू-सून हात जोडून उभ्या. पोट फुगलं नाही. हिरवं आलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच. बाळाची गरज वाढायची तशी वाटीही थोडी चढायची. दोघींची शर्यत लागल्यासारखी. कधी बाळ पुढं, कधी आई.

मध्येच एकदा घात झाला. पोट तटतटलं आणि नळीत पुन्हा हिरवं उतरलं. सरांनी दूध थांबवलं. आमच्यासाठी हे नेहमीचं. अशा आतड्यांचं दोन पावलं पुढं, एक मागं असंच चालतं. पण शैला कोपऱ्यात जाऊन बसली आणि दूध काढायचंच तिनं बंद केलं.

"सिस्टर, माझ्या दुधाला ती फुलं लागली. इख झालंय त्याचं."

मी तिला खूप समजावलं. वैद्यकीय भाषेत, साध्या भाषेत. काही उपयोग झाला नाही. वेळ जात होता. छाती तशीच भरलेली राहिली तर जे आलंय तेही परत जाणार होतं, आणि या खेपेला गेलेलं पुन्हा आणता येईल याची खात्री मला नव्हती.

शेवटी गौरव्वा उठली. फ्रिजमधली शैलाच्या दुधाची एक डबी तिनं माझ्याकडून मागून घेतली. मला वाटलं, देवापुढं ठेवणार. तिनं झाकण काढलं, सुनेच्या समोर उभी राहिली, आणि ती डबी घटाघटा पिऊन टाकली.

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "ग्वाड हाय. इख असंल तर मी मरते, लेकरू तर वाचंल. आता उठतीस का?"

शैला आधी बघत राहिली, मग हसायला लागली. हसता हसता रडली. आणि वाटी पुढं ओढली. मी तोंड फिरवून फ्रिजचं दार बंद करत राहिले. ते बंदच होतं.

थोड्या दिवसांनी सरांनी पुन्हा एक मिलीपासून सुरुवात केली. या वेळी बाळानं मागं वळून बघितलं नाही. शिरेतलं पोषण कमी होत गेलं आणि एक दिवस ती सुई निघाली. मग तोंडातली नळी निघाली. आता बाळ छातीला लावायचं ते खरं पाजायला. छाती भरलेली, पोट मोकळं. पहिल्याच घोटाला पोरीला ठसका लागला, इतकं दूध आलं. ती रागानं लाल झाली, ओरडली, आणि परत तोंड लावून चपचप प्यायली. बसू काचेबाहेर उभा होता. त्यानं मला खुणेनं विचारलं, काय चाललंय? मी त्याला मोठ्यानं म्हटलं, "दूध पितीय! आईचं दूध!" तो या खेपेला चपलेकडं बघत नव्हता.

मी निवृत्त होण्याआधी आमच्या विभागात एक रीत पडली. बाळाला तोंडानं काही द्यायचं नाही हे सांगायचं, तर त्याच दमात आईच्या दुधाचंही सांगायचं. आणि ते बापाकडं निरोप म्हणून द्यायचं नाही. घरातल्या मोठ्या बाईला फोनवर बोलावून स्वतः बोलायचं. सासू असो, आई असो, आजी असो. नव्या मुली हे करतात. माझ्यासारख्याच पदवी घेतलेल्या, माझ्यापेक्षा हुशार. बोलताना लाजत नाहीत.

शैलाची मुलगी उन्हाळा संपता संपता घरी गेली. तिचं वजन वाढत होतं, टाके भरले होते, आणि ती फक्त आईच्या अंगावर, पोट भरेपर्यंत पीत होती.